काच असताना मोठ्या दुर्बिणींचे आरसे धातूचे का ओतले जात?

प्रश्न : खळ्यावरचा मास्तर (दारव्हा तालुका, यवतमाळ)

सोयाबीन निघून रान मोकळे झाल्यावर गावाबाहेरच्या खळ्यावर सहा इंची परावर्तक (आरशाची) दुर्बीण लावून आम्ही शाळेतील मुलांना शनी दाखवला. त्या वेळी मी त्यांना आयरिश सरदार लॉर्ड रॉस यांच्या दुर्बिणीविषयी सांगितले. ती १८४५ साली आयर्लंडमधील बर येथे उभी राहिली, तिचा आरसा ७२ इंच व्यासाचा व सुमारे तीन टन वजनाचा होता आणि तो तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा होता. सातवीतील एका मुलीने लगेच विचारले, "सर, काचेचे आरसे तेव्हाही असतीलच ना? मग एवढे मोठे काशाचे ताट कशाला ओतले?" मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. माझी स्वतःचीही एक शंका आहे : त्याहून मोठी दुर्बीण थेट १९१७ साली अमेरिकेत माउंट विल्सनवर सुरू झाली, मग मधली बहात्तर वर्षे कोणी प्रयत्नच केला नाही काय?

प्रतिसाद : कासारवाडा (भंडारा)

सर, मुलीने काशाचे ताट म्हटले, ते फारसे चुकीचे नाही. आमच्या घरी भांड्यांचे काम असल्यामुळे एवढे सांगू शकतो की काशात तांब्याच्या मानाने कथील बरेच कमी असते, तर दुर्बिणीच्या या धातूत साधारण दोन भाग तांब्याला एक भाग कथील पडते. त्यामुळे तो रुपेरी पांढरा होतो आणि त्याला उत्तम झिलई चढते, परंतु तो काचेसारखा ठिसूळही होतो. काशाचे ताट हातातून निसटले तर तडकते, मग तीन टनांच्या चकतीचे काय होत असेल याची कल्पना करावी. रॉस यांच्या काही चकत्या तडकून वाया गेल्याच. त्यांनी साच्याचा तळ लोखंडी पट्ट्या उभ्या, एकमेकींना खेटून बसवून केला होता. पट्ट्यांच्या फटींतून वायू निघून जाई, पण रस गळत नसे. ओतलेली चकती नंतर भट्टीत कित्येक आठवडे सावकाश निवू दिली जाई. ही युक्ती एका सरदाराला सुचली, याचे मला, खरे सांगायचे तर, कौतुकापेक्षा नवलच अधिक वाटते.

प्रतिसाद : लोणारकाठ (बुलडाणा)

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आरशाच्या पाठीत आहे. घरातल्या आरशाला मुलामा मागून असतो. प्रकाश काचेतून आत जातो, मुलाम्यावरून परततो आणि पुन्हा काचेतून बाहेर येतो, शिवाय काचेचा पुढचा पृष्ठभागही थोडा प्रकाश परावर्तित करतो, म्हणून एका ताऱ्याची मुख्य प्रतिमा आणि तिच्याशेजारी एक अंधूक प्रतिमा अशा दोन दिसतात. दुर्बिणीला मुलामा पुढूनच हवा, आणि काचेवर पुढून चांदीचा पातळ, एकसारखा थर देण्याची रासायनिक रीत १८५०च्या दशकात हाती आली. फ्रान्सचे फूको आणि जर्मनीचे श्टाइनहाइल यांनी ती दुर्बिणीच्या आरशांसाठी वापरली. रॉस यांच्या वेळी ती नव्हती.

ताजी झिलई असतानाही तो धातू सुमारे दोन-तृतीयांशच प्रकाश परत करी. न्यूटनच्या रचनेत आरसे दोन, म्हणजे निम्म्याहून कमी प्रकाश डोळ्यांपर्यंत पोहोचणार. म्हणूनच खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी आपल्या चाळीस फुटी (म्हणजे तेवढ्या लांब नळीच्या) दुर्बिणीत मुख्य आरसा किंचित कलता ठेवून दुसरा आरसा गाळला. मात्र खरी अडचण पुढेच होती. दमट हवेत धातू काळवंडतो आणि घरातले ताट चिंचेने घासता येते तसा हा आरसा घासता येत नाही, कारण घासताना त्याचा अन्वस्ताकार, म्हणजे प्रकाश एका बिंदूत आणणारा खोलगट आकार, बिघडतो. प्रत्येक वेळी झिलईबरोबर आकारही नव्याने साधावा लागे. रॉस यांच्याजवळ दोन आरसे होते, ते यासाठीच. काचेवरची चांदी काळी पडली तर आम्लाने धुऊन नवी चढवता येते आणि खालचा आकार जसाच्या तसा राहतो. माझ्या मते धातू मागे पडण्याचे मुख्य कारण हेच आहे, जास्त चकाकी हे दुय्यम.

तरीही १८६९ साली मेलबर्नला ४८ इंची दुर्बीण उभारली, ती धातूच्या आरशाची. त्या आरशाने निराशाच केली आणि मोठ्या परावर्तकांविषयीचा विश्वास बराच काळ डळमळला. आपल्या बहात्तर वर्षांतील काही वर्षांचा हिशेब येथे लागतो.

प्रतिसाद : वर्धेचा वाचक

वरील विवेचनात एक भर घालतो. व्यास वाढला की शोध वाढतात, असे सरळ गणित नव्हते. हर्शेल यांना १३ मार्च १७८१ रोजी युरेनस सापडला तो सुमारे सहा इंची आरशातून, म्हणजे आपल्या खळ्यावरील दुर्बिणीएवढ्याच. चाळीस फुटी दुर्बिणीने १७८९ मध्ये शनीचे एन्सेलाडस आणि मिमस हे उपग्रह त्यांच्या पदरात टाकले हे खरे, पण ती हलवणे इतके जिकिरीचे होते की त्यांचे बहुतेक काम वीस फुटी दुर्बिणीवरच झाले. रॉस यांची नळी तर दोन उंच भिंतींच्या मध्ये बसवलेली होती. एखादी वस्तू मध्यमंडलाजवळ (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ) येईल तेव्हाच, तासाभरापुरती दिसे, आणि त्यातही आयर्लंडचे ढगाळ आकाश. तरी एप्रिल १८४५ मध्ये त्यांनी एम ५१ या अभ्रिकेचे (ढगासारख्या फिकट डागाचे) सर्पिल रूप पाहिले, आणि ते पाहायला मोठा आरसा लागत होता. अशी सर्पिले म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दीर्घिका, हा उलगडा मात्र खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२३ पासून माउंट विल्सनच्या शंभर इंची, चांदीचा मुलामा दिलेल्या काचेच्या आरशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून झाला.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. सोमवारी वर्गात आरशाला पेन्सिलीचे टोक टेकवून दाखवीन, म्हणजे मुलामा मागे असल्याने टोक आणि प्रतिमा यांत राहणारी फट मुलांना दिसेल. एम ५१ आमच्या सहा इंची दुर्बिणीतून दिसेल काय?

प्रतिसाद : लोणारकाठ

दिसेल, पण एकमेकांजवळचे दोन फिकट डाग एवढेच, सर्पिल नव्हे. एप्रिलमध्ये अमावस्येच्या आसपास, आपण अंगणात बाजा टाकतो त्या सुमारास, सप्तर्षीच्या शेपटीतील शेवटच्या मरीचीजवळ शोधा. वाऱ्याने धूळ उडालेली नसेल अशीच रात्र निवडा.