कोक ओ वँ: रस्सा काळपट आणि आंबट का झाला?

राजारामपुरीकर:
माझा धाकटा भाऊ शिकायला दोन वर्षं फ्रान्समध्ये दिजाँला होता. त्याच्या घरमालकीणबाई रविवारी कोक ओ वँ करायच्या, म्हणजे रेड वाईनमध्ये शिजवलेला कोंबडा. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न आहे, त्याआधी एकदा आपल्या हातचा करून घालायचा असं मनात आहे. परवा करून बघितला. एक किलो ब्रॉयलर, नाशिकच्या रेड वाईनची अख्खी बाटली, आजीची लोखंडी कढई. झाकण घालून सव्वा तास शिजवला. मांसाचे धागे सुटले, रस्सा काळा आणि जीभ आखडेल इतका आंबट. आई म्हणाली, कांदा-लसूण चटणी घाल, सुधारेल. सुधारला असता, पण मग तो पदार्थ तो राहिला नसता. काय चुकलं?

पंचगंगाकाठ:
कढई चुकली. वाईन आंबट, ती लोखंड खाते. काळा रंग तिथूनच आला. चिंच-टोमॅटोचं कालवण आपण त्यात ठेवतो का? स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या.

चुलीपाशी:
ताई, कढईचं बरोबर आहे, पण मुख्य चूक ब्रॉयलरची. हा पदार्थ मुळात म्हाताऱ्या, चिवट कोंबड्यासाठीच आहे. बराच वेळ शिजल्याशिवाय जो दातानं तुटत नाही त्याच्यासाठी वाईन आणि मंद आच. ब्रॉयलर पाऊण तासात शिजतो, पुढं नुसता विरघळतो. चांगला दीड किलोचा गावरान कोंबडा आणा, कातडं ठेवून मोठे तुकडे करून घ्या. वाईनमध्ये रात्रभर भिजवा.

सकाळी तुकडे पुसून कोरडे करा आणि थोडे थोडे घेऊन लोण्या-तेलात तांबूस परता. ओला तुकडा परतत नाही, वाफेवर शिजतो. भिजवलेली वाईन उघड्या पातेल्यात निम्मी होईपर्यंत उकळा, वर येणारा फेस काढा. कच्चा दर्प इथंच जातो. मग त्यात परतलेले तुकडे आणि दोन वाट्या अळणी, म्हणजे हाडं-मांस शिजवलेलं पाणी, घाला. इंग्रजीत ज्याला स्टॉक म्हणतात, ते कोल्हापूरकराला वेगळं शिकायला नको. फक्त त्यात हळद, आलं-लसूण नको. पाठीची हाडं, कांदा, गाजर, बास.

थाईम आणि तमालपत्राची पुरचुंडी बांधून सोडा. आपलं तमालपत्र दालचिनीच्या जातीचं, त्यांचं वेगळं, म्हणून अर्धंच पान. थाईम मिळालं नाही तर चिमूटभर ओवा, दोन्हींत थायमॉल हा वासाचा घटक असतो. दोन-अडीच तास बारीक आचेवर, रटरटू द्यायचं नाही. सांबारचे छोटे कांदे आणि मशरूम वेगळे परतून शेवटी घाला. दाटपणाला दोन चमचे मऊ लोणी दोन चमचे मैद्यात मळून, गोळ्या करून सोडा.

मी स्वतः तीनदा बिघडवून चौथ्यांदा जमवलाय, म्हणून एवढं लिहिलं.

शाहूपुरी_किचन:
आमच्याकडे वाईन चालत नाही. द्राक्षाच्या रसात होईल?

चुलीपाशी:
गोड होईल, नका करू. तुम्ही फ्रिकासे करा. कोंबडी तांबूस न करता लोण्यात परतायची, अळणीत शिजवायची, शेवटी साय आणि अंड्याचा पिवळा बलक. तिथं पांढऱ्या वाईनशिवायही चव येते. पांढरा रस्सा ज्याच्या हातचा चांगला, त्याला हे पहिल्या खेपेला जमतं. बलक घातल्यावर मात्र उकळी येऊ देऊ नका, फाटतं.

राजारामपुरीकर:
रविवारी केला. शिरोळहून मामांनी कोंबडा पाठवला, पावणेतीन तास लागले. रस्सा गडद तांबडा आणि चकचकीत झाला. बॅगेट, म्हणजे फ्रेंच लांब पाव, मिळाली नाही, साधे पाव दिले. भाऊ पहिल्या घासाला काही बोलला नाही, नंतर पातेल्याचं बूड पावानं पुसून घेतलं. एक वाटी उरला होता, तो सोमवारी आदल्या दिवसापेक्षा चांगला लागला. लग्नाआधी एक दिवस करून ठेवला तर चालेल ना, चाळीस माणसांचा?

चुलीपाशी:
चालेल. पण कांदे-मशरूम त्याच दिवशी घाला. आणि एवढ्या मोठ्या पातेल्यात वाईन आटायला तास-दीड तास धरा.