मदत हवी आहे: गेम ९७ टक्क्यांवर येऊन लिंकिंगला अडकतोय

मंडळी, एक जुना टूडी गेम सोर्सवरून बिल्ड करतोय. उबुंटू २४.०४, जीसीसी १३ कंपाइलर. सीमेक (बिल्डची तयारी करणारं टूल) विनातक्रार पार पडतं, सगळ्या फाइली कंपाइल होतात आणि अगदी शेवटी, सगळे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवताना (लिंकिंगला), ९७ टक्क्यांवर, 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू मिक्स_ओपनऑडिओ'. त्याखाली मिक्स_ ने सुरू होणाऱ्या फंक्शनांची पन्नासेक ओळींची रांग. घास तोंडाशी येऊन परत जातो अगदी!

एसडीएल२ मिक्सरचं (ही मिक्स_ फंक्शनं ज्यात आहेत ती आवाजाची लायब्ररी) डेव्ह पॅकेज टाकलेलं आहे. बिल्ड फोल्डर उडवून सीमेक पहिल्यापासून चालवलं (जुन्या कॅशेने आधी एकदा दगा दिलाय). मग व्हर्बोस=१ (पूर्ण कमांड दाखवणारा पर्याय) देऊन मेक चालवलं, तर मिक्सरची लायब्ररी कमांडमध्ये आहे, पण .ओ (कंपाइल झालेल्या) फाइलींच्या आधी! सीमेकलिस्ट्समध्ये (सीमेकच्या सूचनांच्या फाइलीत) ती सीमेक_ईएक्सई_लिंकर_फ्लॅग्समध्ये कोंबलेली दिसते. मित्राच्या डेबियनवर हाच सोर्स मुकाट्याने बिल्ड होतो, म्हणून मला उबुंटूच्या डीफॉल्ट अ‍ॅज-नीडेडचा संशय आहे (त्यात लिंकर तोवर गरज न दिसलेली लायब्ररी वगळतो).

लायब्ररी टार्गेट_लिंक_लायब्ररीजमध्ये हलवली की भागेल का? की नो-अ‍ॅज-नीडेड देऊन वेळ मारून नेऊ? दुसरा उपाय मला पटत नाही, पण सीमेकमध्ये मी कच्चा आहे. कुणी हे केलं असेल तर नेमकी ओळ सांगा.