चहाचे पैसे बिटकॉइनमध्ये? आधी कराचं बघा

एका लेखात म्हटलंय की पेपाल या ऑनलाइन पेमेंट कंपनीने अमेरिकेत २०२१ मध्ये क्रिप्टोतून, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनातून, खरेदीची सोय दिली, मग आपल्या यूपीआय अ‍ॅपांनी का देऊ नये? मला हे पटत नाही.

माझं ठाण्यात जांभळी नाक्याजवळ किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतं, स्पीकर बोलतो, पिशवी हातात. बिटकॉइनचे व्यवहार ज्यात नोंदले जातात, तो एक ब्लॉक व्हायला सरासरी दहा मिनिटं लागतात. संध्याकाळच्या गर्दीत तेवढा वेळ कोण थांबणार? पेपालसुद्धा क्रिप्टो विकून दुकानदाराला नेहमीचं चलनच देतं.

खरी अडचण कराची आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. क्रिप्टो देऊन तूरडाळ घेतली तरी ते हस्तांतरणच, म्हणजे क्रिप्टो विकल्यासारखंच. म्हणजे दर किलोमागे खरेदीचा भाव, आजचा भाव, नफा किती, हा हिशोब गिऱ्हाइकाने ठेवायचा! त्यात १ टक्का टीडीएस, ठरावीक मर्यादेनंतर. हे आमच्यासारख्यांच्या गळ्यात कशाला?

पण एका बाबतीत मी त्या लेखाच्या बाजूने आहे. माझा भाचा ऐरोलीतून परदेशी गिऱ्हाइकांसाठी डिझाइनची कामं करतो. पैसे येईपर्यंत शुल्क आणि विनिमय दरात बरीच कात्री लागते, दिवसही जातात. तिथे डॉलरच्या भावाला बांधलेल्या क्रिप्टो नाण्यांचा खरंच उपयोग होऊ शकेल. क्रिप्टो व्यवहारांना सेवा देण्यावर रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रद्द केली, पण स्पष्ट कायदा अजून नाही. मोठ्या पेमेंट सेवांनी आधी त्यासाठी सरकारकडे जोर लावावा. दुकानातला क्यूआर आहे तसाच राहू दे.