रनटाइम पीएम टाकल्यावर डिव्हाइस काही वेळाने झोपतच नाही, आणि झोपलं की मध्येच कर्नल पडतो

निशाचर_कोड:

मंडळी, लिनक्ससाठी एक ड्रायव्हर लिहितोय. एआरएम चिपमधला एडीसी (ॲनालॉग सिग्नलचा आकडा करणारा) ब्लॉक आहे, साधं प्लॅटफॉर्म डिव्हाइस, रजिस्टर मेमरी मॅप्ड, एक क्लॉक, एक रेग्युलेटर आणि एक इंटरप्ट लाइन जी शेजारच्या दुसऱ्या ब्लॉकबरोबर शेअर्ड आहे. बोर्ड बॅटरीवर चालतो त्यामुळे वापर नसेल तेव्हा ब्लॉक बंद पाहिजेच, म्हणून रनटाइम पीएम (सिस्टीम चालू असतानाच रिकामं डिव्हाइस झोपवायची कर्नलची सोय) टाकलं. रनटाइम सस्पेंडमध्ये क्लॉक बंद करून रेग्युलेटर सोडतो, रिझ्यूममध्ये त्याच्या उलट. ऑटोसस्पेंड डिले २००० मिलिसेकंद ठेवलाय. रीड फंक्शन साधारण असं आहे:

रेट = पीएम_रनटाइम_गेट_सिंक(डेव्ह);
इफ (रेट < ०)
    रिटर्न रेट;
कन्व्हर्जन चालू कर;
इफ (!वेट_फॉर_कम्प्लिशन_टाइमआउट(...))
    रिटर्न -ईटाइम्डआउट;
व्हॅल्यू वाच;
पीएम_रनटाइम_पुट_ऑटोसस्पेंड(डेव्ह);

प्रॉब्लेम दोन आहेत. बूट झाल्यावर सगळं छान चालतं, रीड संपलं की दोन सेकंदांनी रनटाइम_स्टेटस फाइलमध्ये सस्पेंडेड दिसतं, पण बराच वेळ चाललं की कधीतरी ते ॲक्टिव्ह होतं आणि मग तिथेच अडकतं, पुन्हा म्हणून झोपत नाही. दुसरा प्रॉब्लेम जास्त वाईट, डिव्हाइस झोपलेलं असताना अधूनमधून सिंक्रोनस एक्स्टर्नल अबॉर्ट (बसवरचं वाचणं फसल्याची प्रोसेसरची एरर) येऊन कर्नल पडतो आणि बॅकट्रेस माझ्याच इंटरप्ट हँडलरमध्ये असतो. हँडलरच्या सुरवातीला पीएम_रनटाइम_सस्पेंडेड विचारून ते खरं असेल तर परत फिरायचं असं केलं, त्याने कमी झालं पण गेलं नाही. रनटाइम पीएमच्या कंट्रोल फाइलमध्ये ऑन (म्हणजे झोपूच नको) लिहिलं की दोन्ही गायब, पण मग हे सगळं करायचं कशाला? नक्की कुठे बघू?

---

काउंट_सांभाळा:

पहिला प्रॉब्लेम तू दिलेल्या कोडमध्येच दिसतोय. टाइमआउट झाला की तू सरळ रिटर्न करतोस, म्हणजे गेट झालं पण पुट झालंच नाही, युसेज काउंट (डिव्हाइस किती जणांनी धरून ठेवलंय तो आकडा, गेटने वाढतो, पुटने कमी होतो) कायमचा एकने वर राहिला, आता कितीही रीड कर काउंट शून्यावर येणारच नाही आणि शून्यावर आला नाही तर कोअर (रनटाइम पीएमचा कर्नलमधला मूळ कोड) त्या डिव्हाइसला झोपवायला हातही लावणार नाही. तुझं डिव्हाइस "बराच वेळाने" अडकतं कारण टाइमआउट क्वचित होतो, पण एकदा झाला की खेळ संपला.

आणि त्याच्या वरच्या दोन ओळीसुद्धा तशाच आहेत, ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. गेट_सिंक आधी काउंट वाढवतो आणि मग डिव्हाइस उठवायला जातो, उठवणं फसलं तरी वाढवलेला काउंट तसाच ठेवतो. म्हणजे एरर आली म्हणून तू रिटर्न केलंस तरी पुट करायची जबाबदारी तुझ्यावरच. हे फ्रेमवर्क २००९ मध्ये २.६.३२ कर्नलमध्ये आलं तेव्हापासून हे असंच आहे आणि या एका वागण्यापायी किती ड्रायव्हरमध्ये काउंट लीक झाले असतील त्याची गणती नाही. म्हणूनच ५.१० मध्ये पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट आलं, ते फसलं तर काउंट स्वतःच खाली आणतं. आणि डिव्हाइस आधीच जागं असेल तर गेट_सिंक १ देतं, हे नवीन फंक्शन ० देतं, त्यामुळे साधं "इफ रेट" लिहिलं तरी चालतं. नवीन कोडमध्ये तेच वापर. टाइमआउटच्या जागी गोटू आउट, आणि आउट लेबलखाली पुट, बाहेर पडायची वाट एकच ठेव.

खात्री करायची तर कर्नल कॉन्फिगमध्ये पीएम ॲडव्हान्स्ड डीबग चालू कर, मग डिव्हाइसच्या पॉवर फोल्डरमध्ये रनटाइम_युसेज नावाची फाइल दिसेल. कोणी वाचत नसताना तिथे ० सोडून काही दिसलं तर लीक आहे. फक्त त्या वेळी कंट्रोल फाइलमध्ये ऑटो असू दे, कारण ऑन लिहिलंस की कोअर स्वतःच एक काउंट धरून बसतो. आणखी नीट बघायचं तर ट्रेसएफएसमध्ये (कर्नलच्या ट्रेसिंगच्या फाइल) आरपीएम नावाचा इव्हेंटचा गट आहे, तो अख्खा चालू केला की काउंट कसा बदलत गेला ते ओळीओळीने दिसतं.

---

झोपमोड_दादा:

काउंटबद्दल वर सांगितलंय ते शंभर टक्के बरोबर. मी इंटरप्टबद्दल बोलतो कारण तिथे तू लावलेला उपाय दिसायला बरोबर आहे आणि म्हणूनच धोकादायक आहे.

आधी पडतं का ते बघू. लाइन शेअर्ड आहे, शेजारच्या ब्लॉकने इंटरप्ट दिला की कर्नल त्या लाइनवरचे सगळे हँडलर बोलावतो, तुझाही. तुझा हँडलर "माझा आहे का" बघायला स्टेटस रजिस्टर वाचतो, पण ब्लॉकचं क्लॉक बंद आहे, बसवर उत्तर द्यायलाच कोणी नाही, म्हणून अबॉर्ट. काही चिपवर तर अबॉर्टही येत नाही, बस तशीच लटकते आणि लॉगमध्ये एक अक्षर मिळत नाही, त्या मानाने तुझं नशीब चांगलं.

आता तुझा चेक. पीएम_रनटाइम_सस्पेंडेड फक्त स्टेटस पूर्ण सस्पेंडेड झाल्यावरच खरं सांगतं. तुझा सस्पेंड कॉलबॅक (झोपवताना कोअर बोलावतो ते तुझं फंक्शन) दुसऱ्या सीपीयूवर चालू असतो, क्लॉक बंद झालेलं असतं, पण कॉलबॅक अजून परतलेला नसतो, त्या वेळात स्टेटस असतं सस्पेंडिंग. म्हणजे चेक म्हणतो "झोपलेलं नाही", तू रजिस्टर वाचतोस आणि आडवा होतोस. आणि समजा चेकच्या वेळी खरंच ॲक्टिव्ह होतं, तरी चेक आणि वाचणं यांच्यामध्ये ते बदलू शकतं. रनटाइम पीएममध्ये डिव्हाइसला "जागा आहेस का" विचारून मग हात लावायचा हा क्रमच चुकीचा. आधी काउंट धरायचा, मगच हात लावायचा, काउंट धरलेला असेल तर तुझ्या पायाखालून कोणी क्लॉक काढू शकत नाही.

हँडलरमध्ये गेट_सिंक किंवा रिझ्यूम_अँड_गेट चालणार नाही कारण ते स्लीप करू शकतं. तिथे पीएम_रनटाइम_गेट_इफ_इन_यूज वापर. ते कोअरचा लॉक घेऊन बघतं, डिव्हाइस ॲक्टिव्ह आहे आणि काउंट शून्याच्या वर आहे असं असेल तरच आणखी एक धरतं आणि १ देतं. शून्य किंवा निगेटिव्ह आलं तर आयआरक्यू_नन (हा इंटरप्ट माझा नाही) देऊन परत जायचं, १ आलं तर काम करून शेवटी पुट_ऑटोसस्पेंड, ते इंटरप्टमधून चालतं. तुझ्या केसमध्ये हे बरोबर बसतं कारण कन्व्हर्जन चालू असताना रीड करणाऱ्याने काउंट धरलेलाच असतो, म्हणजे तुझा खरा इंटरप्ट कधी हुकणार नाही.

एक मात्र बघ, सस्पेंडमध्ये क्लॉक काढायच्या आधी ब्लॉकचे इंटरप्ट मास्क कर. ब्लॉकने लेव्हल लाइन वर धरून ठेवली आणि तू आयआरक्यू_नन देत राहिलास तर कर्नल हिशेब ठेवतो, शेवटच्या १,००,००० पैकी ९९,९०० इंटरप्ट कोणीच आपले म्हटले नाहीत तर ती लाइनच बंद करून टाकतो आणि मग शेजारचा ब्लॉक पण गेला, त्याचा काही दोष नसताना.

---

पीसीआय_प्रेमी:

यात भर एवढीच की हीच चूक पीसीआयवर केली तर सहसा पडत नाही, आणि ते जास्त त्रासदायक आहे. डिव्हाइस डी३हॉटमध्ये (पीसीआयची झोपेची एक अवस्था) असताना कॉन्फिग स्पेस वाचता येते पण बारमधले (डिव्हाइसच्या मेमरी मॅप्ड भागातले) रजिस्टर वाचले की साधारणपणे सगळे बिट १ परत येतात. ड्रायव्हरला वाटतं सगळे स्टेटस बिट सेट आहेत, तो त्यानुसार भलतंच काहीतरी करतो आणि बग वर्षानुवर्षं सापडत नाही. त्यामुळे एआरएमवर अबॉर्ट येतोय तर त्याला शिव्या देऊ नका, त्याने चूक जागेवर दाखवली.

इंटरप्टसाठी पीएम_रनटाइम_आयआरक्यू_सेफ हा पर्याय कोणी सुचवेल, पण मग पॅरेंट डिव्हाइस कायमचं जागं धरलं जातं आणि तुमचा कॉलबॅक इंटरप्ट बंद असताना चालतो. यांच्या कॉलबॅकमध्ये रेग्युलेटर आहे, त्याला स्लीप लागते, म्हणजे इथे तो विषयच नाही.

---

निशाचर_कोड:

खूप आभार, दोन्ही बदल केले. टाइमआउट मुद्दाम घडवून बघितला, काउंट आता शून्यावर येतो. हँडलरमध्ये गेट_इफ_इन_यूज टाकल्यावर शेजारच्या ब्लॉकवर लोड देऊन रात्रभर ठेवलं, अबॉर्ट नाही.

दोन गोष्टी राहिल्या. प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जातो तेव्हा चालणारं फंक्शन) मी क्लॉक आणि रेग्युलेटर हाताने चालू करतो कारण व्हर्जन रजिस्टर वाचायचं असतं, मग पीएम_रनटाइम_एनेबल. क्लॉकच्या डीबग फाइलमध्ये एनेबल काउंट झोपल्यावरही १ दिसतोय. आणि रिझ्यूम झाल्यावर पहिल्या रीडला गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते सेटिंग) चुकीचा येतो, जणू सेटिंग कोणी केलंच नाही.

---

काउंट_सांभाळा:

क्लॉकचं कारण सोपंय. डिव्हाइस बनतं तेव्हा रनटाइम पीएमच्या लेखी ते सस्पेंडेड असतं, तू प्रोबमध्ये हाताने जागं केलंस ते कोअरला कळलेलंच नाही. मग पहिलं गेट आलं की कोअर तुझा रिझ्यूम बोलावतो, क्लॉक दुसऱ्यांदा एनेबल, सस्पेंडमध्ये एकदाच डिसेबल. एनेबल करायच्या आधी पीएम_रनटाइम_सेट_ॲक्टिव्ह बोलाव, आणि प्रोब संपेपर्यंत गेट_नोरिझ्यूमने एक काउंट धरून ठेव, शेवटी पुट_ऑटोसस्पेंड. यूज_ऑटोसस्पेंड बोलावलंयस ना तेही बघ, ते नसेल तर तुझा २००० चा डिले कोणी विचारात घेत नाही. जुन्या कर्नलवर असशील तर पुटच्या आधी मार्क_लास्ट_बिझी पण हवं.

आणि सिस्टीम सस्पेंडसाठी वेगळे कॉलबॅक लिहीत बसू नकोस, पीएम_रनटाइम_फोर्स_सस्पेंड आणि फोर्स_रिझ्यूम लाव. डिव्हाइस आधीच झोपलेलं असेल तर फोर्स_सस्पेंड तुझा कॉलबॅक पुन्हा बोलावत नाही, म्हणजे क्लॉक दोनदा बंद व्हायची भानगड नाही. डिफाइन_रनटाइम_डेव्ह_पीएम_ऑप्स हा मॅक्रो हे सगळं एका ओळीत करतो.

---

झोपमोड_दादा:

गेनचं उत्तर तुझ्या सस्पेंडमध्येच आहे, तू रेग्युलेटर सोडतोस. नुसतं क्लॉक काढलं तर रजिस्टरमधलं टिकतं, पॉवर गेली की सगळं रिसेट व्हॅल्यूवर. आणि रेग्युलेटर दुसरं कोणी धरून ठेवलेला असेल तर पॉवर जातच नाही, म्हणून टेबलावर कधी दिसेल कधी नाही. रिझ्यूममध्ये सेटिंग परत लिहावंच लागेल. हाताने लिहिण्यापेक्षा रेगमॅपवर (रजिस्टरची कॅश ठेवणारी कर्नलची सोय) जा, सस्पेंडमध्ये कॅश_ओन्ली चालू करून मार्क_डर्टी, रिझ्यूममध्ये पॉवर आणि क्लॉक आल्यावर कॅश_ओन्ली बंद करून रेगकॅश_सिंक. स्टेटस रजिस्टर व्होलटाइल (हार्डवेअर स्वतः बदलतं असं) म्हणून सांगायला विसरू नकोस नाहीतर ते पण कॅशमधून वाचलं जाईल. आणि सिंक रिझ्यूम कॉलबॅकच्या आतून करतोयस तर तिथे चुकूनही त्याच डिव्हाइसवर गेट_सिंक बोलावणारं स्वतःचं एखादं राइट फंक्शन वापरू नकोस. स्टेटस तेव्हा रिझ्यूमिंग असतं, गेट_सिंक रिझ्यूम संपायची वाट बघत बसतो आणि रिझ्यूम त्याच्याच परतण्याची, डेडलॉक.

---

निशाचर_कोड:

हो, माझं गेन सेट करायचं फंक्शन आत गेट करतंच, ते वेगळं काढलं. रेगमॅपवर नेलं, रिझ्यूमनंतर पहिलंच रीडिंग बरोबर येतंय, क्लॉकचा एनेबल काउंट झोपल्यावर ० आहे. पॅच साफ करून मेलिंग लिस्टला पाठवतो.