मदत हवी आहे: 'एक्झिजन्स'ला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, सोलापुरात एम.ए.च्या वाचनगटासाठी वक्तृत्वाचा अभ्यासक लॉइड बिट्झर याचा, बोलायला लावणाऱ्या प्रसंगावरचा १९६८चा लेख आणि त्यावर रिचर्ड वॅट्झनं १९७३मध्ये घेतलेला आक्षेप निवडलाय.

बिट्झरच्या मते प्रसंगच बोलायला भाग पाडतो. घटक तीन: एक्झिजन्स (म्हणजे बोलायला लावणारी अडचण), श्रोते, मर्यादा. अडचण शब्दांनी हलण्याजोगी हवी आणि श्रोता ती हलवू शकणारा. उजनी धरण आटलं ही अडचण खरी, पण या अर्थानं बसत नाही (अर्ज करून पाऊस पडत नाही!). नळाला किती दिवसांआड पाणी सोडायचं, ही बसते. वॅट्झ उलट म्हणतो: काय ठळक करायचं ते बोलणाराच निवडतो.

'निकड' म्हटलं की नुसती घाई वाटते, 'गरज' फारच पसरट. तिसरा शब्द आहे का?

दुसरं, टिपणवहीचे रकाने दोन: डावीकडे लेखकाचा दावा पान क्रमांकासह, उजवीकडे आपलं मत. मुलं उजवा आधी भरतात, मग वॅट्झचा आक्षेप बिट्झरच्या तोंडी जातो. डावा आधी पुरा करून घ्यायची कुणाची चाललेली युक्ती असेल तर सांगा. सरावाला दोन-तीन पानी मराठी अग्रलेखही सुचवा, शक्यतो पाणीप्रश्नावरचा.