इको सेन्सिटिव्ह म्हणजे गावाला टाळं? सावंतवाडी-दोडामार्गच्या २५ गावांबद्दल

सह्यकडा
परवा गावच्या ग्रुपवर पोस्ट आली: 'इको सेन्सिटिव्ह (म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र) लागू झालं की घरावर पत्रा चढवायलाही दिल्लीची परवानगी, काजू तोडला तर तुरुंग, जमिनी सरकारजमा. कोकणवासीयांनो, जागे व्हा.' खाली अंगठेच अंगठे. तिथे उत्तर दिलं तर मला ग्रुपमधून काढलं. म्हणून इथे लिहितोय, आणि लांब लिहितोय.

पश्चिम घाटातल्या संवेदनशील क्षेत्रासाठी केंद्राने काढलेला अधिसूचनेचा मसुदा आहे, तो वाचून बोला. २०१४ पासून तोच पुन्हा पुन्हा निघतोय. सहाव्यांदा निघाला तो ३१ जुलै २०२४ ला, वायनाडला दरडीखाली माणसं गाडली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. बंदी कशावर आहे? खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक प्रकल्प, लाल गटातले (म्हणजे सर्वात जास्त प्रदूषण करणारे) कारखाने, २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढची बांधकामं. मालकी बदलत नाही, खरेदी-विक्रीला अडकाठी नाही, घराची दुरुस्ती करता येते, शेती-बागायती सुरू राहते. आपल्या वाडीत २०,००० चौरस मीटरचं घर कोण बांधणार आहे?

दोडामार्गाचं दुखणं तर उलटंच आहे. पश्चिम घाटातली संवेदनशील गावं ठरवणाऱ्या कस्तुरीरंगन समितीच्या २०१३ च्या यादीत हा तालुका नव्हताच. राधानगरी, तिलारी, म्हादई, काळी असा वाघाच्या जाण्यायेण्याचा पट्टा, २००२ पासून हत्तींचा वावर, आणि नकाशात नेमकं तिथेच भोक. लोकांना उच्च न्यायालयात जावं लागलं. तेव्हा कुठे २०१३ मध्ये वृक्षतोडीवर बंदी आली आणि मार्च २०२४ मध्ये २५ गावांची अधिसूचना काढण्याचा आदेश झाला.

आता माशांचं बघा. मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडला की नदीतले मासे वहाळात शिरतात, वहाळातून पाटात, पाटातून भाताच्या मळ्यात, आणि घोटाभर पाण्यात अंडी घालतात. चढणीचे मासे कोकणात कुणाला समजावून सांगायला नकोत. पण वरचा डोंगर जेसीबीने उघडा केला की त्याच पहिल्या पावसात लाल पाणी उतरतं. गाळ तळाला बसतो, गोट्यांमधल्या फटी बुजतात, अंड्यांना जागाच उरत नाही. मासा खाली मळ्यात आणि त्याचं नशीब वरच्या डोंगराच्या सातबाऱ्यावर. म्हणून मी म्हणतो, जमिनीचा वापर ठरवताना अख्खा पाणलोट एकत्र बघा. आज तो दलाल ठरवतोय. डोंगर सर्वे नंबरनिशी विकला जातो, मे महिन्यात साफ होतो, पुढच्या वर्षी तिथे रबर नाहीतर प्लॉटिंग. नकाशा आत्ताही काढला जातोयच, फक्त गावाला दाखवत नाहीत.

काजूवाला_दोडामार्ग
दादा, मसुदा मीही वाचलाय. अर्धं सांगितलंत, उरलेलं मी सांगतो.

कस्तुरीरंगन समितीने उपग्रहाच्या चित्रावरून हिरवा भाग शोधला. गावाचं २० टक्के किंवा जास्त क्षेत्र संवेदनशील निघालं की अख्खं गाव यादीत. माझ्या वडलांनी कातळावर सुरुंग लावून, खड्ड्यात माती भरून काजू उभा केला. वरून बघणाऱ्याला तो काजू आणि देवाचं रान दोन्ही हिरवंच दिसतं. ज्याने झाडं लावली त्याचं गाव यादीत, आणि ज्याने आधीच भुईसपाट केलं तो मोकळा. हा न्याय कुठला?

आणि वन्यजीवांचं कौतुक मला सांगू नका. हत्ती माझ्या बागेत आला तेव्हा माड मुळासकट आडवे केले, गाभा खाल्ला आणि गेला. पंचनाम्याला माणूस आला तोवर झावळ्या सुकल्या होत्या. माड फळाला यायला किती वर्षं लागतात आणि भरपाई किती मिळते, हा हिशोब तुमच्या नकाशात कुठल्या रंगाने दाखवलाय? २०२५ च्या एप्रिलमध्ये मोर्ल्यात हत्तीने शेतकऱ्याचा जीव घेतला. तेव्हा एकही निसर्गप्रेमी घाटाखाली उतरला नव्हता.

बार्देशकार
गोव्यातून लिहितोय. तिलारीचं पाणी कालव्याने आमच्याकडे येतं. तिलारीच्या डोक्यावरचा डोंगर फुटला तर गढूळ पाणी आमच्या नळाला येणार, त्यामुळे हा फक्त २५ गावांचा प्रश्न आहे असं कुणी समजू नये. २०२१ च्या जुलैमध्ये कळण्यात खाणीच्या खड्ड्याचा बांध फुटून चिखल घरादारात आणि बागायतीत शिरला, हे विसरलात? माड हत्तीने मोडला तर पुन्हा लावता येतो. मळ्यावर खाणीचा चिखल बसला की ती जमीन पिढीभर उठत नाही.

काजूवाला_दोडामार्ग
@बार्देशकार, खाणीला मीही विरोध केलाय, मोर्चात होतो. पण तुम्ही बोलू नका. उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हादई व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हटलं, तर तुमचं सरकार सर्वोच्च न्यायालयात धावलं. गोव्यातल्याच सत्तरीत २०२० मध्ये वाघीण आणि तिचे बछडे विष घालून मारले. स्वतःच्या वाघाला जागा नाही आणि आमच्या डोंगरावर हक्क?

बार्देशकार
ते सरकारचं पाप आहे, माझं नाही. व्याघ्र प्रकल्प व्हावा म्हणून आम्ही इथे शिव्या खातोय. आणि ती वाघीण गुरं मारत होती, नुकसानभरपाई वेळेवर मिळाली नाही, म्हणून विष घातलं असं आमच्याकडे लोक म्हणतात. म्हणजे तुमचाच मुद्दा. तो मला मान्य आहे, पण त्यावरचा उपाय खाण नाही.

परळचा_चाकरमानी
माझी एक एकर वरकस, म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन, पडून आहे. भाऊबंदकीत अडकलेली, बघायला कोणी नाही. आई गेल्या वर्षी आजारी पडली तेव्हा ती विकूनच दवाखान्याचं भागलं असतं, पण ग्राहक म्हणाला, 'झोन लागणार आहे, निम्म्या भावात देता का?' अधिसूचना निघण्याआधीच भाव पाडला. कागदावर खरेदी-विक्रीला बंदी नसेल, बाजारात आहे. याचं उत्तर द्या.

सह्यकडा
उत्तर साधं आहे. भाव पाडणारा ग्राहक हाच ती भीतीची पोस्ट पसरवणारा दलाल. आधी घाबरवायचं, मग स्वस्तात घ्यायचं.

परळचा_चाकरमानी
हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्या आईच्या आजारपणात तुम्हाला दलालाचं कारस्थान दिसलं? गणपतीला चार दिवस येऊन वहाळाचे फोटो काढणाऱ्यांनी आम्हाला अक्कल शिकवू नये.

सह्यकडा
मी बारा महिने गावातच राहतो. फोटो काढायला तुम्ही येता, मुंबईहून.

संपादक
वैयक्तिक शेरे नकोत. मुद्द्यावर या.

निवृत्त_तलाठी
सगळे भांडताय, पण लोक का घाबरतात याच्या मुळाशी कोणी जात नाही. मी नोकरी सातबाऱ्यावर काढली, म्हणून सांगतो.

सिंधुदुर्गाला नकाशाने पहिल्यांदा चावलेलं नाही. १९७५ चा खाजगी वने संपादन कायदा. ज्या जमिनीला वन अधिनियमाच्या कलम ३५ खाली कधीकाळी नोटीस निघाली होती, ती ३० ऑगस्ट १९७५ ला शासनाची झाली म्हणे. नोटीस मालकाला पोचली का, सुनावणी झाली का, कोणी पाहिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की नुसती नोटीस काढली म्हणून जमीन जात नाही, ती बजावलेली हवी. तोवर लोक म्हातारे झाले. मग सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा गोदावर्मन निकाल. जंगलाची व्याख्या विस्तारली, ओळख पटवायच्या याद्या करा म्हणाले. आपल्या जिल्ह्यात त्या टेबलावर बसून झाल्या आणि खाजगी मालकीच्या सातबाऱ्यावर 'वनसंज्ञा', म्हणजे ही जमीन जंगल आहे अशी नोंद, चढली. त्यात कातळ आहेत, वरकस आहे, लोकांची बागही आहे. कर्ज मिळत नाही, वाटणी होत नाही.

आणि आंबोली, गेळे, चौकुळ? पिढ्यानपिढ्या 'कबुलायतदार गावकर' म्हणून गावाने राखलेली जमीन, त्या नावावर रेघ मारून 'महाराष्ट्र शासन'. ज्या गावकऱ्यांनी रान राखलं त्यांच्याच मुलांना वर्षानुवर्षं दाखला मिळाला नाही. असल्या गावात तुम्ही नवा नकाशा घेऊन गेलात तर लोक मसुद्यातली कलमं वाचत बसतील का? ते आपलं नाव कुठे गेलं ते शोधतील.

घाटमाथा
@निवृत्त_तलाठी काका, अगदी आमच्या घरातलं बोललात. माझे आजोबा कबुलायतदार. नाचणीचं शेत, बाजूला सामाईक रान, लाकूडफाटा कुणी किती न्यायचा हे गाव ठरवायचं. शासनाचं नाव लागल्यावर ते ठरवणारं कोणी राहिलं नाही. मालक शासन, पण राखणदार कुणीच नाही. मग ज्याला जमेल त्याने खांब पुरले. आमच्याकडचं अतिक्रमण तिथून सुरू झालं, आणि आता तेच लोक हॉटेलं बांधून धबधब्यावर गर्दी आणतात.

काजूवाला_दोडामार्ग
हेच. वनसंज्ञा आधी काढा. मग झोनचं बोला.

लालमाती
वनसंज्ञा सरसकट काढली तर पहिला अर्ज कोणाचा येईल ते सांगते. बागायतदाराचा नाही, पन्नास एकरवाल्या रिसॉर्टचा. माझ्या माहेरच्या डोंगरावर घडलंय. एक सर्वे नंबर 'शेतीसाठी' म्हणून मोकळा करून घेतला आणि त्या पावसाळ्यात चिरेखाण सुरू. आमची विहीर खाली. पावसाळ्यात कळशीच्या तळाला लाल थर बसायचा. काका, तुमच्या काळातल्या चुका खऱ्या आहेत, पण त्या दुरुस्त करायच्या तर एकेक सर्वे नंबर बघून. एका रेघेने चढवलं ते एका रेघेने उतरवलं तर पुन्हा तेच होईल.

निवृत्त_तलाठी
ताई, एकेक नंबर बघायला माणसं कुठे आहेत? एका तलाठ्याकडे किती गावं असतात माहीत आहे?

लालमाती
मोजणीला माणूस नाही, पंचनाम्याला माणूस नाही, पण खाणीच्या मंजुरीला सगळी माणसं हजर असतात.

घाटमाथा
बरं, मुळात झोनच कशाला हवाय? हिरण्यकेशीच्या कुंडातला मासा घ्या. आंबोलीच्या महादेवाच्या कुंडात सापडला, २०२० मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, २०२१ मध्ये जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा. देवाचं पाणी म्हणून तिथे कोणी जाळं टाकलं नाही, म्हणून मासा टिकला. बांबर्ड्याचं रानजायफळाचं दलदलीतलं रानही देवराईतच राहिलं. राखलं देवाच्या धाकाने आणि गावाने. दिल्लीने नाही.

सह्यकडा
हे शंभर टक्के खरं. पण क्षेत्र बघा. हिरण्यकेशीचं वारसा स्थळ दोन हेक्टरच्या जरा वर, बांबर्ड्याचं अडीच हेक्टरच्या आसपास. कुंडातलं पाणी कुंडात जन्मत नाही, वरच्या डोंगरातून झिरपून येतं. वर कोणी बोअर मारली, हॉटेलचं सांडपाणी सोडलं, कातळ फोडला, तर देवराईचं एक पानही न तोडता आतला मासा मरेल. देवराई देवाची आहे, तिच्या माथ्यावरचा डोंगर विकाऊ आहे. झोन हवा तो त्या माथ्यासाठी.

काजूवाला_दोडामार्ग
आणि माथ्याला हात न लावताही वहाळ मरतो, त्याचं काय? आपल्याच गावातली पोरं कोंडीत ब्लिचिंग पावडर टाकतात. चढणीला अंड्यांनी भरलेली मादी पोत्यात भरून नेतात. माझ्या लहानपणी कोंडीत शिंगटी, मरळ, कुर्ल्या, काय नव्हतं? यातलं किती खाणीने संपवलं आणि किती आपण? ते थांबवायला कुठली अधिसूचना लागते?

सह्यकडा
लागत नाही. ग्रामपंचायतीने ठराव करून दवंडी दिली तरी पुरे. हा मुद्दा तुमचा बरोबर आहे. पण पावडर टाकलेली कोंड एखाद्या पावसाळ्यात वरून मासे येऊन पुन्हा भरते. गाळाने बुजलेली कोंड भरत नाही.

काजूवाला_दोडामार्ग
बरोबर म्हणालात हेच खूप झालं.

लालमाती
'दिल्लीने लादलं' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कस्तुरीरंगनच्या आधी पश्चिम घाटाचा अभ्यास करणारी गाडगीळ समिती आली तेव्हा याच जिल्ह्यातल्या २५ गावांनी ठराव करून 'आमचं गाव संवेदनशील जाहीर करा' असं मागितलं होतं. कुणी लादलं नव्हतं. खाण दारात आली म्हणून लोकांनी स्वतः मागितलं. गाडगीळांचं म्हणणंच होतं की काय चालेल आणि काय नाही हे ग्रामसभा ठरवेल, त्यांचा नकाशा ही फक्त सुरुवात. नंतरच्या समितीने ग्रामसभा बाजूला ठेवली आणि उपग्रह धरला. गावाचा राग मला तिथे पटतो. पण तो राग खाणवाल्याच्या कामी का लावायचा?

परळचा_चाकरमानी
हे २५ गावांचं मला माहीत नव्हतं. आमच्या गावातही असा ठराव झाला असेल तर आम्हा मुंबईकरांना कोणी कळवलं नाही, हीही तक्रार आहे. जमीन आमच्याही नावावर आहे.

निवृत्त_तलाठी
ग्रामसभेचा मतदार गावात नाव असलेला. तुमचं नाव मुंबईच्या यादीत. जमीन इथे आणि मत तिथे, हे दुखणं वेगळं आहे.

काजूवाला_दोडामार्ग
माझ्यापुरतं सांगतो, मग कामाला जातो, बियांचा हंगाम आहे. खाण आणि चिरेखाण नको, कबूल. माथ्यावर जेसीबी नको, तेही कबूल. पण तीन गोष्टी. यादीत गावाचं नाव नको, सर्वे नंबर हवेत, आणि ते शिवार फिरून लिहिलेले हवेत. लावलेला काजू, माड, सुपारी बागायत म्हणूनच लागली पाहिजे. आणि हत्तीच्या नुकसानीचा पंचनामा ठरलेल्या मुदतीत, नाहीतर रखडलेल्या दिवसांचं व्याज. हे लिहून येत असेल तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत माझा हात वर. नुसती २५ गावांची नावं आली तर विरोधाचं पहिलं भाषण माझं.

सह्यकडा
पहिल्या दोन गोष्टी ठरावात घालायला मी तयार आहे, आमच्या वाडीचे सर्वे नंबर मी स्वतः फिरून लिहून देतो. व्याजाचं ग्रामसभेच्या हातात नाही, ते वनखात्याकडे मागावं लागेल.

काजूवाला_दोडामार्ग
मग मागा. त्या अर्जावर पहिली सही तुमची हवी, माझी नको. नुकसान झालेल्याची सही ते रोज बघतात.