मदत हवी आहे: रोबो फाइटमध्ये मधेच मरतो, 12 दिवस उरलेत

वखर_08
नमस्कार मंडळी. आमचा रोबो चालू फाइटमध्ये मरतो. एकदम डेड. पंच 10 मोजतात अन् आपण हरलो. बाहेर आणून स्विच बंद-चालू केला की असा पळते जसं काही झालंच नाही. तीन फाइट अशाच गेल्या. सगळ्या वायरी दोनदा तपासल्या, सोल्डरिंग नवीन केलं. 12 दिवसांनी स्पर्धा आहे, नेमकं काय बदलायचं ते लवकर सांगा. मोटर बदलू का? बजेट नाही. फोटो टाकत होतो पण इकडे नेट बोंबललं आहे.

जुना_लेथवाला
वजन किती? हत्यार कोणतं? 'मरतो' म्हणजे काय मरतं, चाकं, हत्यार की दोन्ही? डॉक्टरपुढे बसून नुसतं 'दुखते' म्हटल्यासारखं झालं हे.

वखर_08
8 किलो. पुढे ड्रम, म्हणजे गरगर फिरणारा दातवाला दंडगोल. दोन्ही मरतात. रोबोचं नाव वखर.

बॉट_बहाद्दर
ड्रम काढून टाका. आडवा बार लावा, मोठा, टूम्बस्टोन रोबोसारखा. 2016 ला अमेरिकेतली बॅटलबॉट्स स्पर्धा त्यानेच मारली. एक फटका आणि समोरच्याचं चाक प्रेक्षकांकडे. ड्रम म्हणजे पोळपाट-लाटणं.

उभं_पातं
@बॉट_बहाद्दर, त्याच टूम्बस्टोनला 2015 च्या फायनलमध्ये बाइट फोर्स नावाच्या रोबोने हरवलं होतं, तेव्हा बाइट फोर्सकडे फिरणारं हत्यारसुद्धा नव्हतं, पकडून उचलणारा जबडा होता. पुढे 2018 आणि 2019 ला उभं फिरणारं पातं लावून दोन्ही वेळा तोच जिंकला. आडवा बार मारतो तेव्हा स्वतःही गरकन फिरतो. 12 दिवसांत अख्खा रोबो बदलायला सांगताय पोराला?

बॉट_बहाद्दर
बाइट फोर्सही 2016 ला चॉम्पकडून हरला होता, ते नाही सांगितलं. आणि ड्रमवाला मिनोटॉर 2018 च्या फायनलला हरलाच ना.

उभं_पातं
फायनलपर्यंत पोचला तो ड्रमवरच. ब्राझीलचे लोक आहेत ते, ड्रमचं गणित त्यांना विचारा.

वखर_08
भाऊ, ते 250 पौंडवाले. आमचा 8 किलोचा आहे. प्लीज मुद्द्यावर या ना.

झिरोमाइल_बॉट्स
मी नागपूरहून तीन वर्षं उतरतोय, तिन्ही वर्षं हरलोय, त्यामुळे मरणाचे प्रकार पाठ आहेत. हे सांग: बॅटरी किती सेल, किती एमएएच (साठा), किती सी (किती जोरात करंट देऊ शकते)? हत्याराची आणि चाकांची बॅटरी एकच की वेगळी? रिमोटचे सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरला 5 व्होल्ट कुठून येतात? आणि प्रत्येक फाइटमध्ये मरायच्या आधीच्या पाच सेकंदात काय चाललं होतं? सगळ्या फाइट लिही, जिंकलेल्या पण.

संत्रा_वरुड
दादा, तुमची मोटर 3 एचपी असेल तर कपॅसिटर पाहा. माझी बोअरची मोटर अशीच मधेच बसायची. मोटरमध्ये काहीच नव्हतं. लाइन आली की डीपीवरचे सगळे ऑटो स्विच एकदमच लागतात, तीस मोटरी एका झटक्यात करंट ओढतात, व्होल्टेज पडते अन् स्टार्टर सुटते. मी ऑटो काढून टाकला. पंधरा मिनिटं थांबून हातानं चालू करतो. तेव्हापासून वायंडिंग जळली नाही.

वखर_08
काका, ही शेतातली मोटर नाही. रोबोची आहे.

संत्रा_वरुड
बरं. मोटर म्हटलं म्हणून सांगितलं.

वखर_08
@झिरोमाइल_बॉट्स सर, घ्या सगळं.
पहिली फाइट जिंकलो. समोर नुसता वेज होता, पाचरीसारखा उतरता. आमचा बेल्ट सुरुवातीलाच पुलीवरून उतरला, ड्रम फिरलाच नाही, ढकलून ढकलून खड्ड्यात टाकला.
दुसरी जिंकलो. ड्रम सुरुवातीला हळूहळू चढवला अन् तसाच फिरत ठेवला. समोरच्याची लिंक (वीज तोडायची काढती जोडणी) त्याच्याच धक्क्याने निघून पडली.
तिसरी. मस्त ठोका बसला, समोरचा फूटभर उडाला, ड्रम थांबला, मी परत फुल दिला, अन् मेला.
चौथी. आम्ही उलटे पडलो, ड्रम फरशीला टेकून अडकला. मेला.
पाचवीत तर कोणी हातही लावला नाही. मी समोरच्याला भिंतीकडे ढकलत होतो, ढकलता ढकलता ड्रम चालू केला. मेला. पोट्टे हसत होते.
बॅटरी एकच आहे, 3 सेल 2200, 25 सी. कॉलेजच्या ड्रोनची जुनी. थोडी फुगली आहे पण चालते. हत्याराची मोटर 750 केव्ही (व्होल्टमागे 750 आरपीएम) ब्रशलेस, पुली 1:2. चाकांना जॉन्सन गिअर मोटर. रिसीव्हरला ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) तीन वायरींतूनच येते, सगळ्यांना तसंच येते ना?

झिरोमाइल_बॉट्स
पाचवी फाइटच सगळं सांगते. ठोका बसला नाही, उलटला नाही, तरी मेला, म्हणजे सुटलेली वायर शोधत बसू नकोस. तिसरी, चौथी, पाचवी, तिन्हींत एकच गोष्ट समान: थांबलेला किंवा अडलेला ड्रम आणि पूर्ण थ्रॉटल. आणि पहिलीत बेल्ट उतरला म्हणून तू वाचलास!
थांबलेली मोटर सुरू होताना सगळ्यात जास्त करंट ओढते. तुझी बॅटरी कागदावर 2.2 गुणिले 25, म्हणजे 55 अँपिअर. जुनी, फुगलेली, म्हणजे त्याच्या निम्मंही धरू नकोस. व्होल्टेज धाडकन पडतं, ईएससीतून रिसीव्हरला जाणारे 5 व्होल्ट 4 च्याही खाली जातात, रिसीव्हर झोपतो. वरुडच्या काकांनी चार पोस्ट आधी हेच सांगितलं, तू त्यांना हाकलून दिलंस.

संत्रा_वरुड
😊 आमच्याकडे डीपी, तुमच्याकडे बॅटरी.

जुना_लेथवाला
बॅटरीचं पटलं. पण ड्रम कशाचा आहे ते कोणीच विचारत नाही. दात कशाचे?

वखर_08
बाबांचं दारव्ह्याकडे अवजारांचं वेल्डिंग वर्कशॉप आहे. ड्रम जुन्या शाफ्टचा टर्न करून घेतला. दात रोटाव्हेटरच्या पात्याचे, कापून वेल्ड केले. दोन दात.

जुना_लेथवाला
तिथेच चुकलं. रोटाव्हेटरचं पातं बोरॉन स्टीलचं, पाणी दिलेलं असतं. वेल्ड मारलं की वेल्डच्या बाजूची सगळी पट्टी मऊ पडते, आणि भसकन गार झालं तर शेजारी कडक होऊन तडकते. एक दिवस दात उडेल, तोही समोरच्यावर नाही, तुमच्यावर. भोक पाडून बोल्ट मारा, 12.9 ग्रेडचे. आता कडक पात्याला साधा ड्रिल बिट लागणार नाही, कार्बाइडचा आणा. नाहीतर ट्रकचा कमानपाटा घ्या, आधी मऊ करून भोकं पाडा, मग तेलात पाणी द्या.

बोंडअळी_नको
तेलात पाणी? 😂

जुना_लेथवाला
लोहाराच्या भाषेत कडक करण्यालाच पाणी देणं म्हणतात, तेलात बुडवलं तरी. हसा.

उभं_पातं
दोन दात कशाला? एक ठेव, दाताच्या विरुद्ध बाजूला वजन दे. हिशोब बघ: 3 सेलवर तुझा ड्रम जेमतेम 4 हजार आरपीएम, म्हणजे सेकंदाला 66 फेरे. तू सेकंदाला 2 मीटरने अंगावर गेलास तर एका फेऱ्यात 30 मिलिमीटर पुढे सरकतोस. एक दात असेल तर 30 मिलिमीटर खोल चावा मिळतो, दोन असतील तर 15. कमी चावा म्हणजे नुसतं घासणं, ठिणग्या छान, नुकसान शून्य.

बॉट_बहाद्दर
आरपीएम वाढव की. फेरे दुप्पट झाले की ताकद चौपट. 6 सेल टाक.

उभं_पातं
फेरे दुप्पट केले की चावा निम्मा होतो ते कोण सांगणार? आणि 6 सेलवर त्याच्या त्या जॉन्सन मोटरींचा धूर निघेल.

बोंडअळी_नको
एवढी डोकी लावून राह्यले तर कापूस वेचायचा रोबो काहून नाही करत बावा? वेचणीले माणूस मिळत नाही, किलोमागे मजुरी पाहा कुठं गेली. दोन डबे एकमेकांले धडकवून काय भेटते?

वखर_08
भाऊ, कापूस वेचायचा रोबो मोठमोठ्या कंपन्यांना नीट जमला नाही अजून. आम्ही डिप्लोमाची तीन पोरं.

सर्जा_राजा
@बोंडअळी_नको, शंकरपटात काय भेटते मग? तरी मैदान भरतेच ना. 2023 च्या मे मध्ये सुप्रीम कोर्टाचा शर्यतीच्या बाजूने निकाल लागला तेव्हा आमच्या इकडे पेढे वाटले लोकांनी. पोट्ट्यांना खेळू द्या. बैलाचा खुराक तरी वाचते.

बोंडअळी_नको
शंकरपटाची गोष्ट वेगळी. बैल काय बॅटरीवर चालते?

वखर_08
धागा माझा आहे हो! 10 दिवस राहिले. @झिरोमाइल_बॉट्स सर, एक शंका आहे. रिसीव्हर झोपला हे पटलं. पण दोन सेकंदांत परत उठायला पाहिजे ना? मी पूर्ण 10 सेकंद रिमोटची स्टिक फुल दाबून धरली होती. हललाच नाही. मग तुमची थिअरी चुकली.

झिरोमाइल_बॉट्स
स्टिक दाबून धरली होती म्हणूनच नाही उठला.
बहुतेक ईएससी चालू होताना आधी पाहतात की स्टिक शून्यावर आहे का. नसेल तर चालूच होत नाहीत, नाहीतर बॅटरी जोडताक्षणी ड्रम फिरून तुझी बोटं जायची. वीज दोन सेकंदांत परत आली. ईएससी तुझ्या स्टिकची शून्यावर यायची वाट पाहत बसला आणि तू घाबरून अजून जोरात दाबत राहिलास. बाहेर आणलं, स्टिक सुटली, स्विच मारला, चालू. चाकांचंही तेच.
खात्री करायची तर रिसीव्हरचा दिवा दिसेल असं झाकण उघडं ठेव आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये त्याचा व्हिडिओ घे. साध्या मल्टिमीटरवर व्होल्टेजचा हा गोता दिसणार नाही, मीटर फार हळू आहे. बेल्ट काढून ही टेस्ट करू नकोस, लोड लागतो. पण ड्रम फिरताना समोर कोणी उभं राहायचं नाही, तूसुद्धा. आणि ती फुगलेली बॅटरी घरात चार्ज करू नकोस, रेतीच्या घमेल्यात ठेव.

वखर_08
रात्री 11 ला केलं. रोबो ट्रॉलीच्या फाळक्याआड ठेवला, फाळक्याच्या फटीत मोबाइल बांधला, मी खांबामागे. मित्राने लाकडाचा ओंडका दोरीने ओढून चाकांपुढे अडवला. चाकं फुल, मग ड्रम फुल. मेला! पहिल्यांदा मेल्यावर आनंद झाला. व्हिडिओत रिसीव्हरचा लाल दिवा विझतो, परत लागतो. स्टिक दाबून ठेवली, काहीच नाही. मग दोन्ही स्टिक सोडल्या, तीनपर्यंत मोजलं, परत दाबल्या तर चालू झाला. म्हणजे तीन फाइट मी हरलो, रोबो नाही 😞 बाबा उठून आले, म्हणे वेल्डिंग मशीन कोणी लावलं एवढ्या रात्री.

झिरोमाइल_बॉट्स
तीन वर्षांपूर्वी मीही असाच दाबत बसलो होतो, वाईट वाटून घेऊ नकोस.
आता स्टिक सोडायची सवय हा शेवटचा उपाय, मुळात रिसीव्हर झोपलाच नाही पाहिजे. सगळ्या ईएससींच्या तीन वायरींतली लाल वायर कनेक्टरमधून काढ आणि टेप लाव, कापू नकोस. रिसीव्हरला वेगळा यूबीईसी (बॅटरीतून स्थिर 5 व्होल्ट देणारं छोटं सर्किट), किंवा सरळ वेगळी छोटी बॅटरी. वेगळी बॅटरी लावलीस तर नियम वाच, बऱ्याच ठिकाणी एका लिंकने अख्खा रोबो बंद झाला पाहिजे असं असतं. मुख्य बॅटरी नवी घे, तेवढ्याच सेलची पण जास्त सी ची. ईएससीत सॉफ्ट स्टार्ट (मोटर हळूहळू चढवणारी सोय) असेल तर चालू कर. शेवटी ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून बघ, ड्रम थांबतो का. नाही थांबला तर तपासणीतच बाहेर काढतील.

बॉट_बहाद्दर
एवढं करण्यापेक्षा बार लावला असता.

वखर_08
यूबीईसी मागवला, पिन कोड टाकला तर 7 दिवस दाखवते. यवतमाळात मिळाला नाही. तोवर मित्राच्या तुटक्या खेळण्यातल्या कारमधला 4 सेलचा पॅक रिसीव्हरला लावला, 4.8 व्होल्ट, लिंकच्या मागेच जोडला. त्यावर ओंडक्याची टेस्ट 20 वेळा केली. एकदाही दिवा विझला नाही. जुनीच फुगकी बॅटरी असूनही! नवी बॅटरी कॉलेज देते म्हणाले, पाहू.
दात बोल्टवर घेतो, कार्बाइड ड्रिल माझ्या काकांच्या गॅरेजमध्ये आहे. एक दाताचं पुढच्या वेळी.
@संत्रा_वरुड काका, सॉरी. तुमचंच बरोबर होतं.

संत्रा_वरुड
सॉरी कायले. त्या रोबोत बेअरिंग कोणतं टाकलं? माझ्या थ्रेशरचं सारखं जाते.

जुना_लेथवाला
थ्रेशरचं बेअरिंग धुळीने जातं, सील असलेलं घ्या. वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.